ठके म्हणजे डोकं खाली

बाबांच्या कपाटाची किल्ली परत करायला ती तळ्यावर गेली तेव्हा तिचा अंदाज अर्ध्या तासाचा होता. कपाट रिकामं करायचं, किल्ली द्यायची आणि निघायचं. पण सोबत आत्या होती, आणि आत्या सोबत असली की अर्ध्या तासाचे तीन तास होतात हे तिला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात. आत्याच्या बाबतीत तसं काही होत नाही.

"मी बाकावर बसते," आत्या म्हणाली. "तू आटप. काठाशी जाऊ नकोस."

"आत्या, मी एकेचाळीस वर्षांची आहे."

"पाण्याला काय माहीत?"

तळ्याच्या काठाला पत्र्याची शेड होती, पाण्यात गेलेला फळ्यांचा धक्का होता, आणि धक्क्याशी आठ शिडाच्या बोटी होत्या. बोटी म्हणजे काय, बाथटबने मोठं होऊन जहाज व्हायचं मनावर घ्यावं आणि अर्ध्यातच कंटाळावं, तशा दिसत. पुढूनही बोथट, मागूनही बोथट, मध्ये एका मुलापुरती जागा, एक काठी, एक शीड. या आठ बोटींवर बाबांनी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत. शेवटच्या आठवड्यातही ते सकाळी जाऊन आले होते आणि घरी येऊन म्हणाले होते, "आज वारा बरा होता, पोरं वाईट होती."

कपाटात एक शिट्टी निघाली, ग्रीसचा डबा निघाला, एक मोठा पत्र्याचा भोंगा निघाला, आणि कॅनव्हासचे तीन बूट, तिन्ही डाव्या पायाचे. तिने ते ओळीने जमिनीवर मांडले आणि बराच वेळ पाहत राहिली. तीन डावे बूट कोणत्या हिशेबाने जमा होतात, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

तेवढ्यात बाहेर धडाम् असा आवाज झाला. मग आणखी एक. मग एकदम बऱ्याच मुलांचं ओरडणं.

ती बाहेर आली. तळ्याच्या मधोमध तीन बोटी गळ्यात गळे घालून उभ्या होत्या, दोन बोटी वेगवेगळ्या दिशांना चालल्या होत्या आणि एकीतला मुलगा पाण्यात होता, पण तो आनंदात दिसत होता. धक्क्यावर एक तरुण माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, गळ्यात नवी कोरी शिट्टी. तो ओरडत होता, "टॅक! अरे, टॅक करा! टॅक!" आणि पाण्यातली सगळी मुलं त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होती, जशी पाहुण्यांकडे पाहतात: आदर आहे, पण हे काय बोलतायत कोण जाणे.

हे बाबांच्या जागी आलेले नवे सर. त्यांनी तिला पाहिलं, ओळखलं, आणि शोक व्यक्त करायला तोंड उघडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की यांचा आवाज फाटून चिंध्या झालाय.

"मोठ्या सरांबद्दल ऐकून फार..." ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि पुढे त्यांना राहवलं नाही. "ताई, राग मानू नका, पण त्यांनी या मुलांना शिकवलंय तरी काय? मी सगळं पद्धतशीर शिकून आलोय. माझ्याकडे प्रमाणपत्रं आहेत. मी काय बोलतो ते यांना कळत नाही आणि ही काय बोलतात ते मला. परवा मी एक बोट घेऊन फिरत होतो, तर ती चष्मेवाली, दहा वर्षांची मुलगी हो, सरळ माझ्या अंगावर बोट घालत आली आणि ओरडली, 'बाजूला व्हा, मी मोठी वहिनी!'"

"तिच्या उजवीकडून वारा येत असेल," ती सहज म्हणाली.

"हो. पण..."

"मग ती मोठी वहिनी. तुम्ही वाट द्यायला हवी होती."

नव्या सरांनी तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. बुडत्याला काडीचा आधार असतो; काडीचं काय होतं हे कोणी विचारत नाही.

घरी हे शब्द सगळे होतेच. स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हातांत गरम भांडी घेऊन आई यायची तेव्हा "मोठी वहिनी!" असं ओरडायची आणि बाबा निमूट भिंतीला चिकटायचे. ज्या बोटीच्या उजव्या अंगावर वारा, तिचा मान पहिला. मोठ्या वहिनीला वाट द्यायची, वाद घालायचा नाही, कोण चूक कोण बरोबर हे काठावर आल्यावर. बाबांचं म्हणणं असं की परक्या शब्दाने मूल आधी घाबरतं आणि मग बुडतं. घरातला शब्द दिला की नुसतं भिजतं.

"रविवारी परीक्षा आहे," नवे सर म्हणाले. "हा वर्ग मोठ्या सरांच्या नावावर चालायचा. आता मंडळाच्या परीक्षक बाई येणार, आठ बोटी पाण्यात तरंगणाऱ्या तीन पिंपांना वळसा घालून दोन फेऱ्या मारणार. एकही धडकली नाही, एकही उलटली नाही, तर वर्ग राहिला. नाहीतर बोटी ट्रकमध्ये घालून पलीकडच्या काठावरच्या क्लबात. मुलं जातील तर जातील, नाहीतर नाही." त्यांनी घसा खाकरला, पण फायदा झाला नाही. "आज गुरुवार. तीन दिवसांत यांना माझे शब्द येणार नाहीत. तुम्ही मला त्यांचे शिकवा."

ती म्हणणार होती की मी फक्त किल्ली द्यायला आलेय. तिने आतल्या तीन डाव्या बुटांकडे पाहिलं आणि पेन काढलं.

ती शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. हातून एक वेलांटी सुटली तर आठवडाभर तिला अन्न गोड लागत नसे. त्यामुळे यादी करायची म्हटल्यावर तिने रेघांचे कागद मागून घेतले, समास सोडला आणि आठ ओल्या मुलांना कावळ्यांसारखं एका फळीवर बसवलं.

"एकेकाने सांगा. शब्द आणि अर्थ."

"बडबड!" चष्मेवालीने हात वर करून सुरुवात केली. ती या सगळ्यांची पुढारी होती. चष्मा दोऱ्याने डोक्याला बांधलेला, समोरचे दोन दात गैरहजर. "शीड फडफडायला लागलं की ते बडबड करतं. सर म्हणायचे, बडबड बंद! मग दोरी ओढायची, गप्प होईपर्यंत."

"रुसा!" दुसरा म्हणाला. "म्हणजे वाऱ्यासमोरून तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला जायचं. तुम्ही त्याला टॅक म्हणता," त्याने नव्या सरांना समजावून सांगितलं.

"शेजाऱ्याकडे डोकवा! म्हणजे बोट कलली की काठावर बसून बाहेर वाकायचं."

"लोटांगण!"

"ते मी सांगणार होते! लोटांगण म्हणजे उलटणं. त्याला सर काही ओरडायचे नाहीत. नुसते म्हणायचे, घातलं का? बरं."

नवे सर मान खाली घालून लिहून घेत होते. 'शेजाऱ्याकडे डोकवा' पाशी त्यांचं पेन जरा थबकलं, पण ते पुढे गेले. माणूस कष्टाळू होता.

"झालं?" तिने विचारलं.

"शेवटचा राहिला," चष्मेवाली म्हणाली. "सगळ्यात महत्त्वाचा. ठके!"

पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा एक ठिपका पडला.

"काय?"

"ठके! वारा पाठीमागून असला आणि आपण वळलो ना, की शिडाखालचा आडवा दांडा या बाजूचा त्या बाजूला जातो. एकदम, जोरात. तेव्हा ठके! म्हणजे डोकं खाली. ज्याची पाळी नसेल त्यानेही घालायचं. वाकल्याने कोणाचं नुकसान होत नाही, असं सर म्हणायचे."

"हा शब्द कुठून आला, माहितेय का?" तिने अगदी मुद्रितं तपासताना विचारतात तशा आवाजात विचारलं.

"आवाज आहे तो, ताई. नाही वाकलं तर ठक्!"

नव्या सरांनी लिहिलं: 'ठके. ध्वनिवाचक.' तिने ते वाचलं, आपल्या यादीतही तसंच उतरवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या कागदावरची चूक तशीच राहू दिली.

चष्मेवाली तिच्याकडे निरखून पाहत होती. "ताई, तुमची भुवई मध्येच तुटलीय."

"हो. नऊ वर्षांची असताना दांडा लागला. याच तळ्यावर."

"मग तुम्हाला कोणी ठके म्हटलं नव्हतं?"

म्हटलं होतं. तिला ते स्वच्छ आठवत होतं. बाबांची हाक आणि दांडा एकाच क्षणी आले होते, हाक कणभर मागून. तीन टाके पडले. त्यानंतर ती पुन्हा कधी बोटीत बसली नाही, आणि बाबा एवढंच म्हणाले, "बरं." बत्तीस वर्षं दोघं वर्तमानपत्रातल्या चुकांवर बोलले, गुडघेदुखीवर बोलले, आईच्या पश्चात वरणात मीठ किती यावर बोलले, बोटींवर बोलले नाहीत. ती समजत होती की बाबांनी तिचं नाव त्या तळ्यातून खोडून टाकलं.

"उशिरा म्हटलं," तिने सांगितलं.

"मग त्याचा काय उपयोग?" चष्मेवाली म्हणाली, आणि तो मुद्दा तिथेच संपला.

शुक्रवारी आणि शनिवारी सराव झाला. नव्या सरांचा आवाज बसत चालला होता, म्हणून भोंगा तिच्याकडे आला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "कृपया बडबड बंद करावी," आणि हसून हसून एका मुलाने खरंच लोटांगण घातलं. मग 'कृपया' गेलं, 'करावी' गेलं. शनिवारी दुपारी तिने "रुसा रे!" अशी आरोळी दिली तर बाकावर डुलकी घेत असलेली आत्या दचकून म्हणाली, "कोण रुसलं?"

एक शब्द मात्र ती म्हणत नव्हती. बोटी तिसऱ्या पिंपाशी आल्या, वारा पाठीवर आला, की ती भोंगा नव्या सरांपुढे धरायची. "हा तुम्ही म्हणा."

"का?"

"माझा उच्चार बरोबर येत नाही."

हे ऐकून नव्या सरांना वाईट वाटलं असावं, कारण ते उरलासुरला आवाज लावून तो एक शब्द म्हणायचे. शनिवारी संध्याकाळी तो उरलासुरलाही संपला.

रविवारी परीक्षक बाई आल्या. बुटक्या, गोल, हनुवटीखाली हॅट बांधलेली, स्वतःची घडीची खुर्ची घेऊन. चहा नको, पाणी नको, सावली नको. त्यांच्या चेहऱ्यावरून त्या खूश आहेत की नाराज हे त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं.

"शिक्षकांनी धक्क्यावरून सूचना दिल्या तर चालतील," त्या म्हणाल्या. "शिक्षक कोण?"

नव्या सरांनी स्वतःकडे बोट दाखवलं, तोंड उघडलं, आणि त्यातून फक्त हवा आली. मग त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे डोकं यांचं आणि तोंड यांचं," परीक्षक बाईंनी कागदावर नोंद केली. "सुरू करा."

वारा शनिवारच्या दुप्पट होता. आठ शिडं एकदम फडफडली, ती ओरडली "बडबड बंद!" आणि आठही गप्प झाली. नवे सर हातवारे करत होते आणि ती भोंग्यातून बोलत होती. रुसा. डोकवा शेजाऱ्याकडे, अजून डोकवा, काय चाललंय बघा त्याच्याकडे! मध्येच दोन बोटी एकमेकींवर चालून आल्या, तर पाण्यावरून एका मुलाचा खणखणीत आवाज आला, "मी मोठी वहिनी!" आणि समोरची बोट लगेच वळून मागे गेली.

"त्या मुलाने काय म्हटलं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"उजव्या अंगाच्या वाऱ्याचा हक्क मागितला," ती म्हणाली.

बाईंनी ते लिहून घेतलं. दोनदा वाचलं.

मग तिसरं पिंप आलं. बोटी पाठीवर वारा घेऊन सुसाट निघाल्या. पुढच्या दोन वळायलाच आल्या होत्या. नवे सर स्वतःच्या डोक्यावर थापा मारून तिला खुणा करायला लागले. तिने भोंगा तोंडाला लावला आणि तोंडातून काही निघेना. स्वतःचं नाव, तेही घरातलं, तेही फ्रॉकमधलं, चारचौघांत भोंग्यातून ओरडायचं. आणि ज्यांनी ते ठेवलं होतं, त्यांच्या जागेवर उभं राहून. ती नकळत दोन पावलं पुढे सरकली, धक्क्याच्या अगदी कडेला.

मागून बाकावरून एक ठणठणीत आरोळी आली.

"ठके! किती वेळा सांगितलं, काठाशी जाऊ नकोस! मागे हो आधी!"

तळ्यावर आठ डोकी खाली गेली. पहिला दांडा सुईकन गेला, दुसरा गेला, मग तिसरा, रिकाम्या हवेतून. नवे सरही वाकले होते. सवय लागली होती त्यांना. वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी मान वळवून आत्याकडे पाहिलं.

"काय झालं?" आत्या म्हणाली. "माझ्या भाचीला हाक मारायची चोरी आहे का?"

नवे सर हळूहळू सरळ झाले. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग तिच्या भुवईकडे. ते काहीतरी म्हणाले. ऐकू आलं नाही, पण ओठांवरून 'ध्वनिवाचक' असावं.

दुसरी फेरी सुरू झाली. नवे सर चालू परीक्षेत आत्याकडे धावले आणि खुणांनी सांगू लागले की पुन्हा अस्संच, त्या पिंपाशी आल्या की. आत्याला वाटलं त्यांना बिस्कीट हवंय. तिने डबा उघडला, दोन त्यांना दिली, दोन स्वतः तोंडात घातली, आणि नेमक्या त्याच वेळी बोटी तिसऱ्या पिंपाशी आल्या.

सगळ्यांत पुढे चष्मेवाली होती. चष्म्यावर पाणी उडालेलं, त्यामुळे तिला ना पिंप धड दिसत होतं ना शीड. वाऱ्याचा एक झोत पाण्यावर काळपट चट्टा उमटवत मागून येत होता. दांडा वर उचलला गेला. चष्मेवाली ताठ बसली होती, मान उंच करून, नऊ-दहा वर्षांची मुलं बसतात तशी, आपल्याला काही होणार नाही अशी.

भोंगा उचलायला वेळ नव्हता.

"ठके!"

तिचा आवाज एवढा मोठा आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं. तो तळ्यावरून गेला, पलीकडच्या काठाला लागला आणि परत आला. आठ डोकी खाली. चष्मेवालीच्या डोक्यावरून दांडा इतक्या जवळून गेला की चष्म्याचा दोरा हलला. या वेळी हाक कणभर आधी पोचली होती.

मग चष्मेवालीने डोकं वर काढलं आणि मागे वळून धक्क्याकडे पाहिलं, कोणीतरी दुसरंच उभं असेल अशा आशेने. तिला पाहून क्षणभर तिचा चेहरा उतरला. मग तिने बिनदातांचं हसून हात केला आणि दोरी ओढली.

आठही बोटी परत आल्या. एकही धडकली नाही, एकही उलटली नाही. धक्क्याला लागल्यावर उतरताना मात्र एक मुलगा बोट सोडून सरळ पाण्यात गेला, पण तो गुरुवारपासून त्याचीच वाट पाहत होता.

परीक्षक बाईंनी सगळं पाहिलं, पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"तुमचे शब्द नियमात बसत नाहीत," त्या म्हणाल्या. "मुलं मात्र बोटीत नीट बसतात. वर्ग चालू ठेवा. पण हे सगळे शब्द मला लेखी हवेत, अर्थासकट. आत्ता."

तिने आपली यादी काढली, शेवटच्या ओळीतला एक शब्द खोडला आणि कागद दिला. बाईंनी उन्हात धरून ती वाचली, वरपासून खालपर्यंत. "अक्षर छान आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे काहीतरी खोडलंय."

"चूक होती," ती म्हणाली. तिने कागद परत घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि 'ध्वनिवाचक' शब्दावरच्या रेघेच्या पुढे नीट अक्षरात लिहिलं: 'विशेषनाम. स्त्रीलिंगी. संबोधन, एकवचन.'

बाईंनी वाचलं. "कोणाचं नाव?"

ती काही म्हणणार एवढ्यात फाटकापासून आत्याचा आवाज आला. "ठके! चल ग आता, ऊन किती झालंय!"

शिडं गुंडाळत बसलेली आठ डोकी खाली गेली. नव्या सरांचं गेलं. परीक्षक बाईंनीही हॅट धरून मान जराशी आत घेतली. एकटी तीच वळून उभी राहिली.

"आले, आत्या!"

अर्ध्या वाटेत तिला किल्ली आठवली. ती खिशातच होती. मागे पाहिलं तर चष्मेवाली धक्क्यावर उभी राहून ओरडत होती, "ताई, पुढच्या रविवारी किती वाजता?"

"सातला," ती म्हणाली, आणि किल्ली खिशातच राहू दिली.